निळा रंग गेला, पण कशामुळे?

प्रकाशाच्या जोरावर पाण्यातला रंग मोडणारी भुकटी, म्हणजे फोटोकॅटॅलिस्ट, तपासायची आहे. त्यातल्या टायटॅनियम डायऑक्साइडचा बँडगॅप (त्याला कामाला लावणाऱ्या प्रकाशाची किमान ऊर्जा) ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणून कमी ऊर्जेचा दृश्य प्रकाश त्याला जवळपास निरुपयोगी. जोडीला २.७ बँडगॅपचं पिवळं कार्बन नायट्राइड घ्या. झाकणबंद मुशीत मेलामाइन ५५० अंशांवर ४ तास भाजलं की मिळतं. झाकण सैल असेल तर मेलामाइन उडून जातं.

लिटरला १० मिलिग्रॅम मिथिलिन ब्ल्यू हा निळा रंग असलेल्या १०० मिली द्रावणात या जोडीची ५० मिलिग्रॅम भुकटी टाकून आधी ३० मिनिटं अंधारात ढवळा. नाहीतर भुकटीला नुसता चिकटलेला रंगही विघटनात मोजला जातो. नमुना सेंट्रिफ्यूज करूनच (वेगाने फिरवून भुकटी खाली बसवूनच) ६६४ नॅनोमीटरला तो किती प्रकाश शोषतो ते मोजा.

पुण्यातल्या एप्रिलच्या उन्हात पाणी उडून द्रावण घट्ट होतं. बीकर गार पाण्याच्या घमेल्यात ठेवा. उन्हात अतिनील किरणंही असतात, ती अडवून फक्त दृश्य प्रकाशाचं काम बघायला ४२० नॅनोमीटरचा फिल्टर हवाच. बोअरचं पाणी टाळा, त्यातलं बायकार्बोनेट रंग मोडणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल (अतिक्रियाशील कण) खातं. शिवाय मिथिलिन ब्ल्यू स्वतःच प्रकाश शोषतो, म्हणजे तो भुकटीमुळेच गेला असं ठरत नाही, त्यामुळे रंगहीन फिनॉलवर चाचणी केल्याशिवाय माझा तरी विश्वास बसत नाही.