परतीची वाट नसलेला घोडा

आइसलँडच्या घोड्याचे कौतुक बहुधा त्याच्या दाट आयाळीपाशी थांबते. मला मात्र त्याच्यासाठी केलेला एक कठोर नियम अधिक महत्त्वाचा वाटतो : देशाबाहेर गेलेला घोडा, मग त्याने जागतिक स्पर्धा का जिंकलेली असेना, पुन्हा मायदेशी आणता येत नाही.

नवव्या-दहाव्या शतकांत नॉर्स वसाहतकऱ्यांनी जहाजांतून आणलेल्या घोड्यांचे हे वंशज. पुढची सुमारे हजार वर्षे त्यांच्यात बाहेरचे रक्त जवळजवळ मिसळलेच नाही आणि कोणी जगायचे ते बेटाने ठरवले. १७८३ साली लाकी ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हा गवतावर बसलेल्या फ्लोरिनयुक्त राखेने जनावरांचे दात आणि हाडे विद्रूप झाली आणि बेटावरचे बहुसंख्य घोडे विषबाधेने व उपासमारीने मेले. जे तगले, त्यांच्यापासून आजची प्रजा वाढली. खांद्यापाशी जेमतेम १४० सेंटिमीटर भरणारा हा घोडा धट्ट्याकट्ट्या माणसाला सहज वाहून नेतो आणि हिवाळ्यात त्याच्या अंगावर दुपदरी केस येतात.

त्याची ‘टोल्ट’ ही चाल तर खास पाहण्यासारखी आहे. चारही पाय एकामागून एक, वेगवेगळ्या ठोक्यांवर पडतात आणि एक तरी पाय सतत जमिनीवर असतो; त्यामुळे वेग वाढला तरी स्वाराची बैठक हलत नाही. आपल्याकडे सारंगखेड्याच्या बाजारात जिला भाव मिळतो, त्या रेवाल चालीच्याच जातकुळीतली ही चाल.

पण ज्या एकांताने हे सारे राखले, त्यानेच हा घोडा रोगांपुढे उघडाही ठेवला. अनेक संसर्ग बेटावर कधी पोहोचलेच नाहीत, म्हणून त्यांच्याशी लढण्याची ताकदही त्याच्यात नाही. २०१० साली श्वसनमार्गाचा एक जिवाणू शिरला आणि सुमारे ७७,००० घोड्यांच्या त्या देशात जवळपास प्रत्येक तबेल्यात खोकला पसरला. त्या वर्षीचा राष्ट्रीय अश्वमेळावा पुढे ढकलावा लागला. वापरलेले खोगीर, लगाम किंवा स्वारीचे चामडी हातमोजे घेऊन येणाऱ्या पाहुण्याला तिथे अडवतात, ते त्यामुळे मला योग्यच वाटते.

बाहेर पाठवलेल्या घोड्यांचे हाल मात्र मनाला लागतात. युरोपातल्या रक्तपिपासू चिलटांची सवय नसल्याने त्यांतल्या अनेकांना उन्हाळ्यात भयंकर खाज सुटते आणि आयाळ व शेपटीची मुळे रक्ताळेपर्यंत ते अंग घासत राहतात. परदेशात जन्मलेल्या त्यांच्याच शिंगरांना हा त्रास बराच कमी होतो. आइसलँडमधील केल्दूर संस्था आणि स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठ यांचे शास्त्रज्ञ त्यावरील लसीसाठी अनेक वर्षे संशोधन करीत आहेत, आणि ती लस लवकर हाती यावी असे मला मनापासून वाटते.