शेवटचा बाइट

तक्रार एका ओळीची होती. नव्या बोर्डावरचा आरएस-४८५ हा सीरियल पोर्ट ११५२०० बॉडला, म्हणजे सेकंदाला तेवढ्या बिटांच्या वेगाला, व्यवस्थित चालतो, ९६०० ला मात्र मीटर उत्तरच देत नाहीत.

मला वाटलं, लिहिताना आकडे उलटसुलट झाले असतील. सीरियल पोर्ट वेग वाढवला की बिघडतो, हे नेहमीचं. केबल लांब असते, घड्याळात थोडा फरक असतो, इंटरप्टला, म्हणजे चिपने प्रोसेसरला मारलेल्या हाकेला, उशीर होतो आणि बाइट सांडतात. वेग उतरवला की सगळं शांत होतं. कर्नलमधल्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या, सीरियल ड्रायव्हरवर काम करायला लागल्यापासून मी दर वेळी हाच सल्ला देत आले होते. या माणसाला आधी दोघांनी केबल तपासायला सांगितलं होतं, आणि त्याने मुकाट्याने तीही बदलून पाहिली होती.

सकाळी बोर्ड टेबलावर मांडला, एक मीटर जोडला आणि मीटरशी बोलायची जी भाषा, त्या मॉडबसची साधी विचारणा पाठवली: ०१ ०३ ०० ०० ०० ०२, आणि मागे सीआरसीचे, म्हणजे चूक ओळखायच्या पडताळणीच्या आकड्याचे, दोन बाइट, सी४ ०बी. एकूण आठ बाइट. ११५२०० ला उत्तर लगेच आलं. ५७६०० ला टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट पाहून मुदत संपली. ३८४०० ला टाइमआउट. ९६०० ला टाइमआउट. माणसाने अगदी बरोबर लिहिलं होतं.

आरएस-४८५ मध्ये सगळी उपकरणं तारांच्या एकाच जोडीवर बसलेली असतात, त्यामुळे एका वेळी एकानेच बोलायचं. बोलण्याआधी ट्रान्सीव्हरला, म्हणजे तारेवर बिट चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या चिपला, लाइन धरायला सांगायचं आणि बोलून झालं की सोडायला सांगायचं. आमच्या बोर्डावर हे काम आरटीएसची पिन करते. आरटीएस वर असेपर्यंत लाइन आमची, खाली गेली की इतरांची. सोडायला उशीर झाला तर समोरच्याच्या उत्तराची सुरुवात हुकते, घाई झाली तर आपलंच शेवटचं अक्षर तुटतं. जुन्या बोर्डावरची चिप ही धरसोड स्वतःच करायची. नव्या बोर्डावर ती ड्रायव्हरच्या अंगावर आली होती, म्हणून संशय तिथेच होता.

पाठवणं थांबवणाऱ्या फंक्शनमध्ये, आरटीएस खाली करण्याच्या आधी, मी एक प्रिंटके (कर्नलमधून संदेश छापणारा आदेश) टाकला. नवा कर्नल चढवला, विचारणा पाठवली, आणि मीटर बोलायला लागला! टाइमआउट गेला. पण उत्तराचा पहिला बाइट गायब होता, त्यामुळे आता आमच्याच बाजूला सीआरसी चुकत होती. प्रिंटके काढला की पुन्हा पूर्ण शांतता.

अशा वेळी हात कीबोर्डवरून काढून वहीवर गणित मांडावं, हे मी उशिराने शिकले आहे. माझा संदेश साठ अक्षरांचा. तो कन्सोलवर जातो, आणि आमचा कन्सोल म्हणजे ११५२०० ने चालणारा दुसरा सीरियल पोर्ट. स्टार्ट बिट, आठ डेटा बिट आणि स्टॉप बिट मिळून एका अक्षराचे दहा बिट होतात, म्हणजे साधारण ८७ मायक्रोसेकंद. साठ अक्षरांना पाच मिलिसेकंदांहून थोडं जास्त लागतं, आणि तोवर माझं फंक्शन तिथेच उभं. तेवढ्या उशिराने आमची विचारणा पूर्ण जात होती, पण मॉडबसच्या नियमाप्रमाणे साडेतीन अक्षरांची शांतता पाळून मीटर बोलू लागला की लाइन अजून आमच्याच मुठीत असायची. ९६०० ला ती शांतता जेमतेम ३.६ मिलिसेकंदांची असते.

दुखणं आरटीएसच्या वेळेचं आहे एवढं नक्की झालं. प्रिंटकेने मोजणं मात्र शक्य नव्हतं, कारण मोजमापच वेळ खात होतं. म्हणून नोंदी ट्रेसच्या बफरमध्ये, थेट मेमरीत लिहायला लावल्या. तिथे एक नोंद करायला फार तर काही मायक्रोसेकंद जातात.

ट्रेसमध्ये पहिला बाइट चिपला दिल्यापासून आरटीएस खाली जाईपर्यंत ७.४ मिलिसेकंद दिसले. ९६०० ला एक बाइट जायला १.०४ मिलिसेकंद लागतात. आठ बाइटना ८.३३ हवेत. सात बाइटना लागतात ७.२९.

मी हार्डवेअरच्या सहकाऱ्याला हाक मारली. तो आकडे न बघताच म्हणाला, "अगं, कागदावर काय शोधतेस? स्कोप लाव." ऑसिलोस्कोपचा, म्हणजे तारेवरचा विद्युतदाब पडद्यावर रेघेने दाखवणाऱ्या यंत्राचा, एक प्रोब डेटाच्या रेषेवर, दुसरा आरटीएसवर लावला. पडद्यावर वर पिवळी रेघ, खाली निळी. सात बाइट स्वच्छ दिसत होते, चौकोनी, कडा ताठ. मग आठव्याचा स्टार्ट बिट सुरू झाला, १०४ मायक्रोसेकंदांचा, तोही पूर्ण गेला. पुढचा बिट जेमतेम लागला आणि निळी रेघ धपकन खाली. त्यानंतर पिवळी रेघ सपाट. कुणीच लाइन धरलेली नसली की बायसचे रेझिस्टर तिला एक या स्थितीत ओढून ठेवतात, म्हणून मीटरला उरलेले सगळे बिट एक दिसले. आम्ही पाठवला होता ०बी, मीटरने वाचला एफएफ.

आम्ही मुद्दाम प्रोसेसरवर दुसरं काम लादलं. आरटीएस उशिरा पडू लागला आणि मोडण्याची जागा सरकली. एका विचारणेत तो तिसरा बिट गेल्यावर पडला. ०बी तारेवर खालच्या बिटापासून जातो: ११०१००००. मीटरला पोचला ११०१११११, म्हणजे एफबी. सहकारी बोटाने पडद्यावर एकेक बिट मोजत होता आणि मी वहीत लिहून घेत होते. मीटर गप्प होता तो नियमानेच. सीआरसी जुळली नाही तर मॉडबसमध्ये उत्तर द्यायचंच नसतं.

चिपच्या लाइन स्टेटस रजिस्टरमध्ये शेजारीशेजारी दोन बिट आहेत, पाचवा आणि सहावा. पाचवा सांगतो की पाठवण्याची रांग, म्हणजे फिफो, रिकामी झाली. सहावा सांगतो की रांगही रिकामी आणि बिट एकेक करून तारेवर ढकलणारं शिफ्ट रजिस्टरही रिकामं. रांगेतला शेवटचा बाइट शिफ्ट रजिस्टरमध्ये उतरला की लगेच पाचवा बिट उठतो, त्या बाइटचा पहिला बिटसुद्धा अजून तारेवर पूर्ण गेलेला नसतो. 'आणखी काही द्यायचं असेल तर द्या' असं ड्रायव्हरला कळवायला तो अगदी योग्य आहे, त्यासाठीच तो केलेला आहे. आमचा ड्रायव्हर त्याच बिटावर विसंबून लाइन सोडत होता.

मग ११५२०० ला कसं चालत होतं? या बोर्डावर इंटरप्टचं काम तिथल्या तिथे न करता वेगळ्या थ्रेडमध्ये चालवायचा पर्याय दिलेला होता. त्यामुळे बिट उठल्यापासून आरटीएस पडेपर्यंत साधारण १३० मायक्रोसेकंद जायचे. ११५२०० ला अख्खा बाइट ८७ मध्ये संपतो. त्रेचाळीस मायक्रोसेकंदांच्या उधारीवर तो वेग चालत होता. प्रोसेसर थोडा चपळ असता तर तिथेही तुटलं असतं, आणि मग तक्रार केव्हाच उलगडली असती. मंद वेगाने बोलणाऱ्यांनाच हा दोष दिसत होता, आणि त्यांना आम्ही केबल तपासायला पाठवत होतो. याचं मला अजून वाईट वाटतं.

दुरुस्ती एका ओळीची वाटली: सहावा बिट उठेपर्यंत थांबा, मग आरटीएस सोडा. तशी लिहिली. ९६०० चालू झालं. दुपारी रिव्ह्यूला पाठवली तर सहकारिणीचा एकच प्रश्न आला: "पोर्टचं लॉक धरून, इंटरप्ट बंद ठेवून मिलिसेकंदभर थांबणार? आणि १२०० बॉडला?"

१२०० ला एक बाइट ८.३ मिलिसेकंदांचा. पण तितकं खाली जायचीही गरज पडली नाही. मी शेजारच्या पोर्टवर ११५२०० ने डेटा ओतायला लावला. त्याच्या फिफोत सोळा बाइट मावतात, आठ भरले की इंटरप्ट येतो. उरलेल्या आठ जागा भरायला लागतात ०.७ मिलिसेकंद. माझं थांबणं ०.९ मिलिसेकंदांचं, आणि प्रोसेसर एककोरी. कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या प्रॉकखालच्या सीरियलच्या फाइलमधला 'ओई' हा ओव्हररनचा, म्हणजे जागा नसल्याने सांडलेल्या बाइटांचा, आकडा विचारणेगणिक चढू लागला. एका पोर्टचा बाइट वाचवताना मी दुसऱ्याचे बाइट सांडत होते. तो पॅच, म्हणजे ती दुरुस्ती, तिथेच मागे घेतला.

सहाव्या बिटासाठी इंटरप्ट मिळाला असता तर प्रश्नच नव्हता. तो आमच्या सीरियल चिपच्या घराण्यात नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीत ८२५० ही चिप होती. तिच्यात फिफो नव्हता, एक होल्डिंग रजिस्टर आणि एक शिफ्ट रजिस्टर एवढंच, पण हे दोन बिट तेव्हापासून याच जागी आहेत. पुढे १६४५० आली, मग फिफो घेऊन १६५५०, तिच्या फिफोत दोष निघाला म्हणून १६५५०ए. लिनक्समधल्या ड्रायव्हरचं नाव अजून ८२५० च आहे. इतक्या पिढ्यांत इंटरप्टची कारणं तीच चार राहिली: डेटा आला, पाठवायची जागा रिकामी, लाइनवर चूक, मोडेमच्या रेषा बदलल्या. सगळं पाठवून झालं, हे पाचवं कारण नाही. मला ही चिप मनापासून आवडते. तिची रजिस्टरं एका पानात मावतात, आणि त्या एका पानावर मी वर्षानुवर्षं काहीतरी नवं वाचते आहे.

इंटरप्ट नाही म्हणजे टायमर. कर्नलचा नेहमीचा टायमर इथे उपयोगाचा नाही, कारण आमच्या बोर्डावर सेकंदाला शंभर टिक, म्हणजे दर दहा मिलिसेकंदांनी एक. तोवर मीटर अर्धंअधिक उत्तर देऊन मोकळा. म्हणून हायरेझोल्यूशन, म्हणजे याहून कितीतरी बारीक वेळ मोजणारा, टायमर घेतला. पाचवा बिट उठला की चालू बॉडवरून एका अक्षराचा वेळ काढायचा, तेवढ्याचा टायमर लावायचा, तो वाजला की सहावा बिट बघायचा, नसेल उठला तर थोड्या वेळाने पुन्हा. मधल्या काळात नवा डेटा आला तर टायमर रद्द. एवढं लिहून संध्याकाळपर्यंत चाललं.

एक गोष्ट मात्र मी विसरले असते. लाइन स्टेटस रजिस्टर नुसतं वाचलं तरी त्यातले चुकांचे बिट पुसले जातात: ओव्हररन, पॅरिटी, फ्रेमिंग, ब्रेक. काही बोर्डांवर पाठवताना रिसीव्हर चालूच ठेवतात, आपलाच आवाज परत ऐकून टक्कर झाली का ते ओळखायला. तिथे टायमरने रजिस्टर वाचलं तर फ्रेमिंगची चूक, म्हणजे स्टॉप बिट जागेवर न दिसल्याची नोंद, त्याच्याच हातून पुसली जाते आणि घेणाऱ्या बाजूला काही कळतच नाही. ८२५० च्या ड्रायव्हरमध्ये याच कारणासाठी वाचलेल्या चुका बाजूला जपून ठेवायची सोय आहे. तीच पद्धत आमच्या ड्रायव्हरमध्ये आणली. पॅचमधल्या तेवढ्या तीन ओळींवर रिव्ह्यूत सगळ्यात जास्त बोलणं झालं, आणि ते योग्यच होतं.

स्कोप अजून जोडलेलाच होता. ९६०० ला आठव्या बाइटचा स्टॉप बिट पूर्ण वर गेला, त्यानंतर दीडशे मायक्रोसेकंदांच्या आत निळी रेघ खाली आली, आणि साधारण चार मिलिसेकंदांच्या शांततेनंतर मीटरचा पहिला स्टार्ट बिट उमटला. ०बी तारेवर शेवटपर्यंत दिसत होता, त्याचे वरचे चारही शून्य बिट जागच्या जागी. मग एकेक वेग उतरवत १२०० पर्यंत आलो. तिथे आठ बाइटना ६७ मिलिसेकंद लागतात. पॅचच्या वर्णनात दोन्ही बिट, एफएफ आणि एफबी, सगळे आकडे लिहिले. शेजारच्या पोर्टवर डेटा ओतणं चालू ठेवलं आणि विचारणा रात्रभर लावून घरी गेले.

सकाळी 'ओई' शून्य होता, टाइमआउटही शून्य. तक्रार करणाऱ्याला पॅच पाठवला आणि सोबत लिहिलं की तुमची केबल पहिल्यापासून चांगली होती.