देवबाग: सप घेऊन लाटांतून बाहेर पडताना

डिसेंबरात चार दिवस देवबागला होतो. तारकर्लीच्या पुढची ती चिंचोळी पट्टी, एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र. सप म्हणजे स्टँड अप पॅडलबोर्ड, लांब फळीवर उभं राहून पॅडलने म्हणजे वल्ह्याने पुढे जायचं. ते शिकायला जागा खरंच मस्त आहे, आधी नदीत तोल सांभाळायला शिका, मग चालत समुद्रावर या. दोन दिवस नदीतच घालवले, उभं राहणं, वळणं सगळं जमायला लागलं. पण लाटा फुटतात तो किनाऱ्यालगतचा पट्टा हे वेगळंच प्रकरण आहे.

पहिल्यांदा बोर्ड पुढ्यात आडवा धरून पाण्यात शिरलो. लाट जेमतेम मांडीएवढी, तिने बोर्ड उचलला आणि कड थेट बरगडीत. नंतर दोन दिवस खोकताना दुखत होतं. साडेदहा फुटी बोर्ड आडवा पडला की लाटेला ढकलायला पूर्ण भिंतच मिळते. म्हणून बाकी काही विसरलात तरी चालेल पण तुम्ही आणि लाट यांच्या मधे बोर्ड कधीच येऊ देऊ नका. बोर्डचं नाक सरळ लाटेकडे, आपण बाजूला, एक हात मधल्या हँडलवर.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, ती ओढून झालेले एक काका बघत होते, म्हणाले, "घाई करू नको, मोठ्यो लाटो जावंदेत, मगे घाल." मग दहा मिनिटं नुसता उभा राहून समुद्र बघितला. मोठ्या लाटा तीन-चार अशा एकामागून एक येतात आणि मग थोडा वेळ पाणी निवतं, निघायचं ते तेव्हाच. कमरेएवढ्या पाण्यापर्यंत चालतच जा, आधी चढलात तर बोर्डखालचं फिन म्हणजे पातं वाळूत रुततं आणि माणूस पुढे फेकला जातो. चढल्यावर गुडघ्यांवरच राहायचं, पॅडलच्या दांड्यावर हात खाली धरून जोरात मारत राहायचं, फेसाळ लाट आली की वजन किंचित मागे म्हणजे नाक उचललं जातं, आणि ती खालून सरकली रे सरकली की पुढे झुकून पॅडल पाण्यात रोवायचं. हा एक स्ट्रोक राहिला की लाट बोर्डसकट मागे आणते, माझं तीनदा झालं. उभं राहायचं ते लाटा फुटतात त्याच्या पलीकडे गेल्यावर.

पडलात तर बोर्डपासून लांब, अंग पसरून पडा, उथळ पाण्यात सूर नको, आणि वर येताना हात डोक्यावर. लाईफ जॅकेट हवंच. लीश म्हणजे बोर्ड घोट्याला बांधायची दोरी, तिचं वेल्क्रो ओढून बघा, मला भाड्याने मिळालेलं पहिलं धरतच नव्हतं, लगेच बदलून घेतलं.

वेळ सकाळची. मतलई वारा असतो, पाणी गुळगुळीत, पण तोच वारा तुम्हाला खोल समुद्राकडेही ढकलतो, उभं असलं की अंगाचं शीड होतं. वारा वाढतोय वाटलं की गुडघ्यांवर बसून किनाऱ्याकडे वळा. ओहोटीच्या वेळी नदीच्या मुखापाशी तर जाऊच नका, नदीचं पाणी जोरात बाहेर ओढतं. रापण टाकलेली असेल तिथून लांबूनच उतरा.

परत येताना बोर्डवर पोटावर झोपून या, मागे बघत. कमरेएवढं पाणी आलं की समुद्राच्या बाजूला उतरा, किनाऱ्याच्या बाजूला उतरलात तर मागून येणारी लाट बोर्ड तुमच्याच अंगावर घालते.