गाडी निंगाली नागपुराले

नागपूरवाल्याला नागपुरावर गाणं सुचत नाही, खड्डे सुचतात. गाणं सुचतं ते फाट्यावर एसटीची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसाला. विदर्भातल्या खेड्यात नागपूर म्हणजे मेडिकल (तिथला मोठा सरकारी दवाखाना), हायकोर्ट, दीक्षाभूमी आणि इतवारीतला लग्नाचा बस्ता. या चारपैकी एखादं काम निघाल्याशिवाय कोणी तिकडं फिरकत नाही, आणि गाणं त्या कामाच्या पिशवीतूनच निघतं.

समजा मुखडा असा बांधला:

गाडी निंगाली नागपुराले,
माय उभी राह्यली फाट्याले.

‘नागपुराले’ केरवा तालाच्या आठ मात्रांत नेमकं मावतं: ना दोन, ग एक, पु एक, रा दोन, ले दोन. ‘चंद्रपुराले’ही तेवढंच भरतं, म्हणून चंद्रपूरकडची मंडळी हे गाणं काहीच न बदलता उचलतील. ‘अमरावतीले’ नऊ होतं. तिथं ‘ती’ आखडून म्हणावी लागते. ‘पुण्याले’ सहातच संपतं, मग ‘त्या पुण्याले’ असं भरण आलं. शहराचं नाव ओळीच्या शेवटी ठेवायचं ते याचसाठी. ते मध्ये अडकवलं की गाणं त्या एका गावचंच होऊन बसतं.

पोरं गाणं बांधायला बसली की सगळं शहर त्यात कोंबतात. सीताबर्डी, फुटाळा, झिरो माईल, संत्राबर्फी, सगळं चार अंतऱ्यांत. मग ते गाणं राहत नाही, सहलीची जाहिरात होते. एका अंतऱ्यात एकच ठिकाण पुरे, आणि तेही माणसासकट. मेडिकलच्या आवारात झाडाखाली भाकरीचा डबा सोडून बसलेला, हातातली केसपेपरची घडी पुन्हा पुन्हा उलगडून पाहणारा नातेवाईक एवढा आला तरी अख्खा वॉर्ड दिसतो. तिकडं अमेरिकेत सुफ्यान स्टीव्हन्सनं २००५ साली ‘शिकागो’ नावाचं गाणं केलं, इंडी फोक म्हणतात त्या धाटणीचं. त्यात शिकागोच्या इमारती शोधू नका. गाडी आहे, मित्र आहे, रस्ता आहे, मध्येच न्यूयॉर्कही येऊन जातं. शहरावरची बरीच गाणी खरं तर वाटेवरचीच असतात. पुढच्याच वर्षी त्यानं त्याच गाण्याची आणखी तीन रूपं एका अल्बमात घातली. आपल्याकडं हे काम भजनी मंडळं न सांगता करतात.

साथीला खंजिरी हवीच. तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) ती विदर्भात अशी रुजवली की मोझरीच्या आसपास तिच्याशिवाय भजन अर्धं वाटतं. जुन्या खंजिऱ्या घोरपडीच्या कातड्याच्या असत. वन्यजीव कायद्यामुळं ते आता गुन्ह्याचं काम आहे, त्यामुळं बकऱ्याचं कातडं किंवा प्लॅस्टिक. कातडं दमट हवेत सैल पडून भद्द वाजतं. शेकोटीपासून हातभर लांब धरून, फिरवत फिरवत शेकायचं. एका जागी धरलं की कडेला तडकतं. प्लॅस्टिक पावसाळ्यातही ताठ राहतं, पण आवाज पत्र्यासारखा. हार्मोनियमवाला सवयीनं काळी एक ही पट्टी देतो. गाणाऱ्याचा गळा वर चढत असेल तर पट्टी आधीच ठरवावी, कारण दुसऱ्या अंतऱ्यात पट्टी बदलली की ढोलकीची शाई बेसूर बोलायला लागते.

रेकॉर्डिंगला स्टुडिओ लागतोच असं नाही. दिवाळीनंतर कपाशीच्या पट्ट्यात भाव वाढायची वाट पाहत घराघरांत कापूस भरून ठेवलेला असतो. त्या खोलीइतकी घुमारा न देणारी खोली तालुक्यातही सापडायची नाही. भिंतीवरून आवाज परतच येत नाही. मात्र तिथं बिडी, दिवा, उदबत्ती काहीही नको, आणि कापूस बरेच दिवस पडून असेल तर अंगाला खाज सुटते, म्हणून एका बैठकीत उरकावं. मोबाईल विमान मोडवर, पंखा बंद. फोन गाणाऱ्याच्या तोंडापासून दोन वीत आणि जरा बाजूला, नाहीतर ‘फ’ आणि ‘भ’ला फटकारे बसतात. खंजिरीवाला सगळ्यात मागं, दारापाशी. जवळ बसवला तर खंजिरीच्या कडेच्या पितळी चकत्याच नुसत्या ऐकू येतात. चकत्यांच्या दोन जोड्यांवर चिकटपट्टी लावली तरी चालतं. पेटीचा भाता जुना असेल तर त्याचं धापणं मुखड्याआधीच्या शांततेत पकडलं जातं. त्यावर उपाय एकच: ती शांतता ठेवूच नये, थेट ढोलकीच्या तिहाईनं उठावं.

गाणं बांधणाऱ्याच्या नावाचा प्रश्न पुढचा. तुकडोजी महाराजांच्या भजनात शेवटी ‘तुकड्यादास’ येतो, लोकशाहीर वामनदादा कर्डकांच्या गीतांत ‘वामन’. नावाची ही मोहर शेवटच्या कडव्यात बसवायची आपली जुनी रीत. पण वरातीतला डीजेवाला शेवटच्या कडव्यापर्यंत जातो कुठं? तो मुखडा घेतो, वेग वाढवतो, खाली धम्मक भरतो आणि वर स्वतःचंच नाव तीनदा ओरडवून घेतो. कायद्यानं शब्दांचा आणि चालीचा हक्क कर्ता गेल्यावरही ६० वर्षं चालतो, पण वरातीत कायदा कोण काढतो! तेव्हा नाव पहिल्याच अंतऱ्यात, आणि यमकात घालावं. यमकातलं नाव कापलं तर ओळ लंगडते, म्हणून ते टिकतं.

आणि तरी गाणं पुढच्या वर्षी उरेल की नाही, हे डीजेवरून कळत नाही. भंडारा-गोंदियाकडं आषाढ-श्रावणात रोवणा, म्हणजे भाताची लावणी, लागतो. बाया चिखलात वाकून, वाजंत्रीशिवाय, हाताच्या लयीवर गातात. ढोलकीच्या जोरावर उभी असलेली चाल तिथं दोन बांध्यांतच (भाताच्या वाफ्यांतच) गळून पडते. तग धरते ती लांब स्वरांची, जिच्यात रोपांची पेंढी सोडवून दुसरी उचलेपर्यंत श्वास घ्यायला जागा आहे. ‘फाट्याले’मधला ‘ट्या’ तसा ताणता येतो. ‘निंगाली’ मात्र त्या बाया बहुधा काढून टाकतील आणि ‘चालली’ म्हणतील. वाकलेल्या अंगानं अनुस्वार नाकात अडकतो.