चर्चच्या जिममधले जुने गडी

अमेरिकेत चर्च म्हटलं की आपल्याला रविवारची प्रार्थना आठवते. पण इथल्या कितीतरी चर्चची स्वतःची जिम असते आणि तिथे आठवड्यातली एक संध्याकाळ बास्केटबॉलची ठरलेली असते. बॉस्टनच्या पश्चिमेकडच्या अशाच एका चर्चमध्ये मी दर मंगळवारी खेळायला जातो. धर्म कुणी विचारत नाही. खेळाआधी सगळे गोल करून उभे राहतात, एक जण छोटीशी प्रार्थना म्हणतो, आजारी असलेल्यांची नावं घेतो, की लगेच संघ पाडायला सुरुवात.

या खेळाचं जन्मगाव स्प्रिंगफील्ड आमच्याच राज्यात, मॅसॅच्युसेट्समध्ये. डिसेंबर १८९१ मध्ये तिथल्या वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ यांनी तो तयार केला. बाहेर कडाक्याची थंडी, म्हणून छपराखाली खेळता येईल असं काहीतरी हवं होतं. गॅलरीच्या कठड्याला त्यांनी पीच फळांच्या टोपल्या ठोकल्या. कठडा दहा फुटांवर होता, रिंग आजही तेवढ्याच उंचीवर असते. नेस्मिथ धर्मशास्त्र शिकलेले होते, पुढे त्यांनी पाद्री म्हणून दीक्षाही घेतली. त्यामुळे चर्चमधला बास्केटबॉल मला अगदी आपल्या जागी असल्यासारखा वाटतो.

गेल्या महिन्यात आमच्या गटातल्या चार जुन्या गड्यांचा सत्कार झाला. चौघंही सत्तरीच्या आसपासचे, तरुणपणापासून इथेच खेळणारे. इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, मीही मारतो; मनात मात्र ते माझे काकाच आहेत.

त्यांनी केलेल्या बास्केटची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. सत्कार झाला तो वेगळ्याच कामांचा. एकाकडे जिमची किल्ली असते. बर्फ पडला की तो सगळ्यांच्या आधी येऊन पायऱ्यांवर मीठ टाकतो. दुसरा खेळाआधी फरशीवरून रुंद मॉप फिरवतो, कारण धुळीवर बूट सरकला की गुडघा गेलाच. तिसऱ्याने गुडघा बदलून घेतल्यापासून खेळणं सोडलं, येणं सोडलं नाही. स्टेजच्या कडेला बसून तो स्कोअर ओरडतो. अकरा बास्केट झाल्या की खेळ संपतो, जिंकलेला संघ कोर्टवर राहतो, आणि दमलेल्या पोरांना नऊ झाले की दहा हे हमखास आठवत नाही!

चौथ्याबद्दल मात्र मला जरा जास्त सांगायचंय. आमच्याकडे पंच नसतो. फाऊल ज्याला लागला त्यानेच पुकारायचा. कधीकधी आवाज चढतात. अशा वेळी हे गृहस्थ शांतपणे चेंडू काढून घेतात आणि भांडणाऱ्याला तीन पॉइंटच्या रेषेमागून, म्हणजे लांबून, एक शॉट मारायला लावतात. चेंडू रिंगमधून पडला तर त्याचं खरं, नाही तर दुसऱ्याचं. त्यांच्यापुढे वाद वाढलेला मी कधी पाहिला नाही. नवीन आलेल्या माणसाला पहिल्या खेळात बाहेर बसवायचं नाही, हा नियमही त्यांचाच. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं. त्यांनी स्वतः बाहेर बसून मला आत घेतलं. परक्या देशात नव्याने आलेल्या माणसाला याचं काय वाटतं, ते घर सोडून राहिलेल्यालाच कळेल.

सत्काराला भाषणं फारशी झाली नाहीत. प्रत्येकाला नाव आणि पहिल्यांदा आल्याचं वर्ष छापलेला टी-शर्ट दिला, घरच्यांना पुढे बोलावलं. किल्लीवाल्यांच्या पत्नी म्हणाल्या की मंगळवारी त्यांच्याकडे जेवण कायम उशिराच असतं. मग चौघांनी एकेक फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता मारायचा शॉट, मारला, गुडघेवाल्यांनी खुर्चीवरून उठून. दोन पडले. टाळ्या चौघांनाही सारख्याच.

नवीन माणसाचा तो नियम आतापर्यंत तोंडीच होता. आता आम्ही तो कागदावर छापून जिमच्या दाराशी लावलाय, खाली या चौघांची नावं घालून.