सिंगापूर–न्यूयॉर्क: तक्त्यात आता वाऱ्याचा रकाना

मंडळी, लांब पल्ल्याच्या उड्डाणांची अंतरं आणि वेळ मांडणारा माझा तक्ता पुढे सरकलाय. या खेपेला सगळा वेळ एकाच जोडीला दिला: सिंगापूरचं चांगी विमानतळ आणि न्यूयॉर्कचं जेएफके. नियमित विनाथांबा प्रवासी उड्डाणांत सध्या सर्वांत लांब हेच.

दोन्हींचे अक्षांश-रेखांश हॅवरसाइन सूत्रात (गोलावरच्या दोन बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर देणारं सूत्र) घातले, पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी धरली, की अंतर येतं सुमारे १५,३४० किमी. खरी गंमत रेखांशांत आहे. चांगी जवळपास १०४ अंश पूर्वेला, जेएफके ७४ अंश पश्चिमेला. फरक १७८ अंशांच्या घरात. त्यामुळे सर्वांत जवळची वाट जाते थेट उत्तर ध्रुवाकडून. घरच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा, वरच्या खिळ्याला जवळजवळ घासतो. हिशेबाने ही वाट ध्रुवापासून सुमारे २८० किमीवरून जाते. आणि मुद्दाम अगदी ध्रुवावरून नेली, तरी वाढतात जेमतेम साडेपाच किमी! हा आकडा मला इतका आवडला की पुन्हा पुन्हा काढून पाहिला.

सिंगापूरहून निघालेलं विमान मात्र सहसा तिकडे फिरकत नाही. ते ईशान्येला वळून पॅसिफिक ओलांडतं आणि १६,६०० किमीच्या आसपास उडतं. कारण जेट प्रवाह, म्हणजे ९ ते १२ किमी उंचीवरचा पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा वारा. (जपानच्या वासाबुरो ओइशींनी १९२०च्या दशकात फुगे सोडून तो मोजला होता. अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत लिहिला, त्यामुळे बाहेर फारसा कुणी वाचला नाही. मोठा माणूस!)

म्हणून तक्त्यात वाऱ्याचा रकाना घातला. हवेतला वेग ताशी ९०० किमी आणि वारा शून्य धरला, तर ध्रुवाकडच्या वाटेला लागतात १७ तास ३ मिनिटं. पॅसिफिकच्या वाटेवर सरासरी ताशी १०० किमीचा पाठवारा (मागून येणारा वारा) धरला, तर १६ तास ३६ मिनिटं. अंतर १,२६० किमी जास्त, तरी २७ मिनिटं आधी. वेळापत्रकातले साडेअठरा तासांच्या आसपासचे आकडे गेट ते गेट असतात; टॅक्सी (विमानाचं जमिनीवरून चालणं), चढण, उतरण सगळं त्यात आलं. ते या हिशेबाशेजारी तसेच मांडू नका.

परतीचा मार्ग त्या दिवसाच्या वाऱ्यावर ठरतो. कधीकधी विमान अटलांटिक ओलांडून युरोपवरून येतं, म्हणजे जाता-येता दोन्ही वेळा पूर्वेकडेच, पृथ्वीला पूर्ण फेरा! एवढ्या लांब उड्डाणांसाठी ए३५०-९०० यूएलआरमध्ये (एअरबसचं अतिलांब पल्ल्याचं विमान) १,६५,००० लिटर इंधन मावतं आणि आसनं फक्त १६१, इकॉनॉमी वर्ग नाहीच.

जेट प्रवाह हिवाळ्यात जोर धरतो, तेव्हा जानेवारी आणि जुलैचे रकाने वेगळे करायला घेतलेत. ते जमले की पर्थ–लंडन: १४,४९९ किमी, मार्च २०१८पासूनचा मार्ग. तिथे लंडनला जाताना वारा बराचसा समोरून येतो, म्हणून तोच निवडलाय.