रांगेचं उदाहरण सुटलं, क्ष न मांडता

मागच्या नोंदीत अडलेलं रांगेचं उदाहरण अखेर सुटलं. तेही नियम न मोडता: क्ष नाही, फक्त बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार.

नव्यांसाठी पुन्हा देतो. खिडक्या उघडतात तेव्हा रांग लागलेलीच आहे आणि मागून माणसं एकसारखी येत आहेत. 4 खिडक्या चालू ठेवल्या तर रांग 30 मिनिटांत संपते, 5 ठेवल्या तर 20 मिनिटांत. 10 मिनिटांत संपवायला खिडक्या किती हव्यात?

छळ असा की सुरुवातीला रांगेत किती, मिनिटाला येतात किती, एक खिडकी उरकते किती, यातलं काहीच दिलेलं नाही. व्यस्त त्रैराशिक (खिडक्या वाढल्या की वेळ त्याच प्रमाणात कमी, गुणाकार तोच) लावावं तर 4 × 30 = 120 आणि 5 × 20 = 100. जुळतच नाही. आणि किल्ली नेमकी या न जुळण्यातच निघाली!

एक खिडकी मिनिटाला 1 माणूस उरकते असं धरा. पहिल्या वेळी 120 माणसं उरकली, दुसऱ्या वेळी 100. जास्तीची 20 आली कुठून? जास्तीच्या 10 मिनिटांत मागून आली. म्हणजे मिनिटाला 2. मग सुरुवातीची रांग 120 − 60 = 60. दहा मिनिटांत 60 + 20 = 80 माणसं, म्हणून खिडक्या 8. ताळा म्हणून मिनिटाला 3 माणसं धरून पाहिली: 360, 300, फरक 60... उत्तर पुन्हा 8. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तल्या इष्टकर्माचा (सोयीची संख्या धरून उदाहरण सोडवायची रीत) हा चुलतभाऊच, फक्त शेवटी प्रमाणात बसवायची खटपट नाही. न्यूटनच्या 1707 सालच्या पुस्तकात हेच उदाहरण बैल आणि वाढत्या गवताचं आहे. मला रांगच बरी वाटते.

‘एकूण दिसलं की बेरीज, उरले दिसलं की वजाबाकी’ शिकवणारे उदाहरणांचे संच मी आता उघडतही नाही. ‘8 गोट्या वाटल्यावर 17 उरल्या, आधी किती?’ एवढ्यातच त्यांचा निकाल लागतो: ‘उरल्या’ दिसलं तरी इथे बेरीजच करायची.

पुढचा बेत गळक्या टाकीचा होता. पण लिहिता लिहिता दिसलं की दोन खिडक्या मागून येणाऱ्यांनाच पुरतात, रांग कमी करतात त्या बाकीच्या. म्हणून 3 खिडक्यांना 60 मिनिटं, 4 ला 30, 5 ला 20, 6 ला 15, 7 ला 12, 8 ला 10. सगळी उत्तरं पूर्ण, कारण 60 ला 1 ते 6 सगळ्यांनी भाग जातो. दोनच खिडक्या ठेवल्या तर 60 ला शून्याने भागायची वेळ, आणि रांग खरंच जागची हलत नाही. हे पाहून मला भलताच आनंद झाला.

9 खिडक्यांना मात्र 60 ÷ 7: भागाकार 8, बाकी 4. कॅल्क्युलेटर 8.571428 दाखवतो आणि बाकी गिळून टाकतो, म्हणून इथे चौकटीची वही आणि पेन्सिलच. आठव्या मिनिटाअखेर रांगेत 4 जण शिल्लक, आणि 9 खिडक्या मोकळ्या.

तेव्हा टाकी राहू दे. आधी 60 च्या जागी 420 घेऊन बघतो, त्याला 7 नेही भाग जातो.